बाईंच्या नावाने

१२ जून, सोमवार

येणार येणार म्हणून वर्षभर गाजत असलेलं पोर्टल आज एकदाचं आलं. प्राचार्यांनी आम्हाला सगळ्यांना सभागृहात बसवून मोठ्या पडद्यावर ते उघडून दाखवलं. यापुढे हजेरी त्यावर, नोट्स त्यावर, चाचण्या त्यावर, मुलांच्या शंका त्यावर, आणि कुणी काय केलेलं नाही तेही त्यावरच. प्रत्येक शिक्षकाच्या नावापुढे एक ठिपका असतो. काम झालं की हिरवा, राहिलं की लाल. मागच्या रांगेतले भौतिकशास्त्राचे सर म्हणाले, "म्हणजे कॉलेजने सासू आणली म्हणा की." मधल्या सुट्टीपर्यंत पोर्टलचं नाव सासूबाई पडून गेलं होतं.

हसण्यासारखं मात्र फार नाही. ज्या विभागाचे ठिपके वर्षअखेर लाल राहतील तो विभाग दुसऱ्यात मिळवणार. हे बोलताना प्राचार्य आमच्या रांगेकडे बघत होते. वनस्पतिशास्त्रात आम्ही दोघीच. बाई विभागप्रमुख, आणि मी. प्राणिशास्त्रवाले कधीपासून आमच्या प्रयोगशाळेवर डोळा ठेवून आहेत.

बाईंनी मला सतराव्या वर्षी शिकवलं. फळ्यावर एका झटक्यात खोडाचा आडवा छेद काढायच्या, असा गोल की कंपासने काढावा. प्रात्यक्षिकात माझी बडबड थांबायची नाही म्हणून त्यांनी माझं नाव चिमणी ठेवलं. मी इथे नोकरीला लागले त्या दिवशी साऱ्या स्टाफरूमसमोर त्यांनी "या चिमणीताई" म्हणून स्वागत केलं होतं. त्यांना निवृत्त व्हायला अजून दोन वर्षं आहेत.

कार्यक्रम संपल्यावर बाई म्हणाल्या, "चिमणे, हे सगळं ठेवलंय कुठे?"

मी म्हटलं, "सर्व्हरवर, बाई."

"ते नाही गं. माझी पर्स."

पर्स त्यांच्या खांद्यालाच होती. आम्ही दोघी डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसलो.

२० जून, मंगळवार

पासवर्डचा सप्ताह. भौतिकशास्त्राच्या सरांचं खातं दोनदा बंद पडलं. इंग्रजीच्या मॅडमनी पासवर्ड मोबाइलच्या पाठीवर चिकटवला आणि मोबाइल घरी विसरल्या. सगळ्यांच्या डोक्याचा नुसता भुगा.

बाईंचाही. सकाळी मी त्यांना पासवर्ड करून दिला, दुपारी त्यांनी विचारला, निघताना परत विचारला. मी जरा करवादलेच. नंतर वाईट वाटलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "तूच ठेव तो. तुझ्यापाशी असला म्हणजे माझ्यापाशीच आहे."

एवढा विश्वास माझ्यावर माझ्या आईनेही कधी टाकला नव्हता.

६ जुलै, गुरुवार

आज बाईंचा तास रेकॉर्ड करायचा होता. रिकाम्या वर्गात कॅमेरा लावला. बाई उभ्या राहिल्या, सुरुवात छान केली आणि मध्येच गप्प झाल्या. मी खूण केली, बोला. त्या कॅमेऱ्याकडे बघत राहिल्या.

"समोर चेहरा नाही. सांगू कुणाला?"

मी कॅमेऱ्याच्या मागे उभी राहिले. म्हटलं, मला सांगा. मग पुन्हा सुरू झाल्या. पानातून पाणी बाहेर पडतं तिथवर आल्या आणि त्यांना 'बाष्पोत्सर्जन' हा शब्दच सापडेना. हा शब्द त्यांनी आयुष्यात किती वेळा उच्चारला असेल! हात हवेत फिरवत म्हणाल्या, "ते... ते गं... पान घाम गाळतं ते."

मला ते इतकं आवडलं! पान घाम गाळतं. उगाच नाही मुलं बाईंच्या तासाला गर्दी करत. मी ते लगेच नोट्समध्ये घेतलं.

पण रेकॉर्डिंग काही पुरं झालं नाही. कॅमेऱ्याचा धसका घेतलाय त्यांनी. शेवटी धडा मीच माझ्या आवाजात बोलून चढवला आणि खाली नाव बाईंचं दिलं. ठिपका हिरवा झाला. सासूबाई खूश.

२२ जुलै, शनिवार

बाईंच्या तीन धड्यांच्या नोट्स, दोन चाचण्या आणि मुलांच्या शंकांची उत्तरं, सगळं आज दुपारी बसून करून टाकलं. त्यांच्या खात्यात शिरायचं आणि त्यांच्यासारखं लिहायचं.

खरं सांगायचं तर मजा आली. माझ्या स्वतःच्या नोट्स मी चार ठिकाणांहून गोळा करून आणते. बाई म्हणून लिहायला बसले की वाक्यं आपसूक येतात. "मुलांनो, कांदा चिरताना रडू येतं तेव्हा आधी त्याला विचारा, तू कोण? मूळ, खोड की पान?" हे त्यांनी कधी म्हटलेलं नाही. पण म्हटलं असतं. मुलांनी खाली भराभर अंगठे दाखवले. एका मुलीने लिहिलं, 'मॅडम, तुमच्यामुळे हा विषय आवडायला लागला.'

मी बाईंना ते वाचून दाखवलं. म्हणाल्या, "छान लिहिलंय. कुणी?"

"तुम्हीच, बाई," मी डोळे मिचकावले. त्या हसल्या.

९ ऑगस्ट, बुधवार

दुसऱ्या वर्षाची मुलं आली होती. म्हणतात, मॅडमनी सोमवारी शेवाळं शिकवली आणि आज परत शेवाळंच शिकवली. पहिल्यापासून. उदाहरणंसुद्धा तीच.

मी त्यांना झापलं. म्हटलं, बाई पाया पक्का करून घेतात, तुम्ही लोक एकदा ऐकून विसरता म्हणून. मुलं मान खाली घालून गेली. पोर्टलवर आजच्या तासापुढे 'पुनरावृत्ती' असं लिहून टाकलं.

बाई हल्ली स्कूटर आणत नाहीत, चालत येतात. चालणं तब्येतीला चांगलं, म्हणाल्या. वाळल्यात थोड्या. आणि एक गोड गोष्ट. हल्ली त्या मला बाळ म्हणतात. "बाळ, जरा हे बघ ना." माझ्या वयाला! पण ऐकलं की जीव कसा थंड होतो. इतकी वर्षं सोबत काढल्यावर माणूस अशी माया करू लागतं.

२७ ऑगस्ट, रविवार

नवऱ्याशी भांडण.

त्याचं चष्म्याचं दुकान आहे आणि बाई त्याच्याकडूनच चष्मा घेतात. जेवताना म्हणाला, "तुझ्या बाई मंगळवारी आल्या, नवा चष्मा टाकून गेल्या. गुरुवारी परत आल्या. तीच फ्रेम, तोच नंबर. मी म्हटलं, बाई, परवाच तर टाकलात. तर रागावल्या."

मी म्हटलं, "दोन करून ठेवायचे असतील. एक कॉलेजात, एक घरी."

"आणि मला विचारलं, दुकान तुमचंच का? आपल्या लग्नात पहिल्या रांगेत बसल्या होत्या त्या."

"मग? तुझे केस गेलेत तेव्हापासून."

तो हसला नाही. "माझ्या आत्याचं असंच सुरू झालं होतं. त्यांना डॉक्टरांना दाखव. त्यांच्या मुलीला कळव तरी."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, आमच्याकडे सगळ्यांचंच असं झालंय, ये एकदा आणि बघ. भौतिकशास्त्राच्या सरांनी परवा एका वर्गाची हजेरी दुसऱ्या वर्गाला लावली. त्यांनाही नेऊ का डॉक्टरकडे? अडीच महिन्यांत माणसाला सगळं नव्याने शिकायला लावलंय. त्यात बाई एकट्या राहतात, जेवणाचे हाल करतात. डोकं थकणार नाही तर काय?

तो म्हणाला, "बरं." त्याचं ते बरं मला मुळीच आवडत नाही.

८ सप्टेंबर, शुक्रवार

बाईंच्या मुलीचा फोन आला. ती नोकरीसाठी दूर असते, सणवार सोडून सहसा फोन करत नाही.

"ताई, आई बरी आहे ना हो? फोनवर तेच तेच विचारते. काल तीन वेळा विचारलं, जेवलीस का. मला जुलैतच यायचं होतं, रजा मिळाली नाही. आता मिळालीय तर वाटतं येऊन जावं."

मला नवऱ्याचं बोलणं आठवलं. एक क्षण तोंडाशी आलं होतं. पण काय सांगणार होते? तुझी आई चष्मा दोनदा घेते? आणि मुलगी आली की डॉक्टर, मग तपासण्या, मग आजारपणाची रजा. वर्ष अर्धंही झालेलं नाही. प्राचार्य दुसऱ्या दिवशी विभागाचं दार काढून नेतील. बाईंना ते सोसवेल का? त्यांचं आहे काय या कॉलेजाशिवाय?

म्हटलं, "काही काळजी करू नकोस. पोर्टलवर साऱ्या कॉलेजात पहिल्या आहेत तुझ्या आई." आणि त्यांच्या पानाचा फोटो काढून पाठवला. वरपासून खालपर्यंत हिरवे ठिपके.

तिचा लगेच मेसेज आला. 'एवढं सगळं आई करते?? मला नाही येणार हे. मी उगाच घाबरले. रजा ठेवते मग, डिसेंबरात येईन.' पुढे तीन हसरे चेहरे.

तिला बरं वाटलं याचं समाधान आहे. तरी का कोण जाणे, चहा तसाच राहिला.

१९ सप्टेंबर, मंगळवार

आज बाईंचा सत्कार झाला. सगळे ठिपके हिरवे असलेला पहिला विभाग आमचा! प्राचार्य म्हणाले, "या वयात जे मॅडमना जमलं ते तरुणांना जमत नाही, यातून सर्वांनी बोध घ्यावा." प्राणिशास्त्राच्या सरांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

मग बाईंना दोन शब्द बोलायला सांगितलं. बाई माइकसमोर उभ्या राहिल्या. हातातली फुलं एकदा या हातात, एकदा त्या हातात.

म्हणाल्या, "मी यातलं काहीच केलेलं नाही. मला ते येतच नाही. सगळं ती पोरगी करते." आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

मग टाळ्यांचा कडकडाट. शेजारच्या मॅडम डोळे टिपत म्हणाल्या, "बघा, मोठी माणसं श्रेय कसं वाटून टाकतात."

मीही टाळ्या वाजवल्या.

५ ऑक्टोबर, गुरुवार

लिहून काढते, नाहीतर डोक्यातून जाणार नाही.

परीक्षेमुळे वर्ग अडकले होते म्हणून आजचे तास घरून ऑनलाइन घ्यायचे होते. काल संध्याकाळीच मी बाईंच्या घरी जाऊन सगळं जोडून ठेवलं होतं. सकाळी माझ्या घरून मीही त्यांच्या तासाला बसले, लागलं तर मदतीला म्हणून.

आणि बाई काय शिकवत होत्या! कित्येक महिन्यांत असं ऐकलं नव्हतं. बी का झोपतं, किती झोपतं, त्याला जाग कशाने येते. कागद नाही की काही नाही. "बी म्हणजे शिदोरी बांधून प्रवासाला निघालेलं बाळ," असं म्हणाल्या. मुलं आपापल्या चौकटींत गालावर हात ठेवून ऐकत होती. मला वाटलं, आता नवऱ्याला बोलावून दाखवावं, ये, बघ, काय झालंय यांना.

मग एका मुलाने शंका विचारली. बाई थांबल्या. पडद्याच्या अगदी जवळ आल्या. त्यांचा सगळा चेहरा पडद्यावर भरला.

"कोण तुम्ही?"

मुलाने नाव सांगितलं.

"इतके सगळे कोण आहात? माझ्या घरात कसे शिरलात? जा इथून! जा म्हणते ना!"

कुणी हललं नाही. कुणीतरी खाली लिहिलं, 'मॅडम?' बाईंनी तोंडावर हात घेतला. त्या रडत होत्या, एखादं लहान मूल परक्या घरात रडावं तशा. मग उठून गेल्या. पडद्यावर रिकामी खुर्ची आणि मागे उघडं दार.

मी मुलांना काहीतरी सांगितलं, नेट गेलं असावं वगैरे. सांगताना माझं मलाच लाजिरवाणं वाटलं, कारण त्यांच्या चेहऱ्यांवरून कळत होतं की त्यांना सगळं समजलंय. तास बंद केला आणि धावले.

घर उघडं. बाई नाहीत. शेजाऱ्यांना विचारलं, बागेत पाहिलं, नवऱ्याच्या दुकानात पाहिलं. तो दुकान तसंच टाकून माझ्याबरोबर निघाला. शेवटी सापडल्या त्या कॉलेजात, आमच्या जुन्या वर्गाबाहेरच्या बाकावर. वर्गाला कुलूप. एका पायात सपात, एका पायात बूट.

मी शेजारी बसले. दम लागला होता, बोलता येईना.

त्याच म्हणाल्या, "घंटा झाली की मुलं येतील. तू कुठल्या वर्षाची?"

"पहिल्या," मी म्हटलं.

"मग घाबरू नकोस. पहिल्या वर्षाला सोपं असतं."

नवरा थोडा दूर उभा होता. तो काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

त्यांनी मला चिमणी म्हणून शेवटची हाक कधी मारली, ते आठवून पाहते आहे. आठवण जूनपर्यंत मागे जाते.

६ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी आठवलं की ऑनलाइन तास आपोआप रेकॉर्ड होऊन पोर्टलवर चढतो. धावत जाऊन उघडलं. काही मुलांनी तो पाहिलाही होता. कुणी तो पुढे पाठवला नाही, कुणी खाली एक अक्षर लिहिलं नाही. आजकालची मुलं म्हणून आपण नावं ठेवतो.

मी तो लगेच पुसून टाकला. आधी माझ्या खात्यातून, मग बाईंच्या, मग कचऱ्याच्या डब्यातूनही. कायमचा पुसायचा का, असं पोर्टलने विचारलं. हो.

मग बाईंच्या मुलीला फोन केला. ती काही विचारायच्या आधीच म्हटलं, "ये. आजच निघ."

१६ ऑक्टोबर, सोमवार

डॉक्टरकडे आम्ही तिघी गेलो. डॉक्टरांनी बाईंना घड्याळ काढायला सांगितलं. बाईंनी गोल काढला. तो गोल पाहून डॉक्टरसुद्धा "वा" म्हणाले. पण आत आकडे कुठे मांडायचे ते त्यांना समजेना. पेन धरून खूप वेळ बसल्या आणि मग गोलाच्या आत बारीक बारीक ठिपके भरू लागल्या. मला ते समजलं. खोडाचा छेद होता तो. कुणाला सांगितलं नाही.

बाईंना बाहेर बसवल्यावर डॉक्टर म्हणाले, "हे वर्षभर तरी चालू असणार. कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?"

मुलीने मोबाइल पुढे केला. "पण डॉक्टर, सप्टेंबरमध्ये ती एवढं सगळं करत होती. हे बघा ना." माझा फोटो. हिरवे ठिपके.

डॉक्टर फोटो बघत राहिले. "हे ज्यांनी केलं त्यांना हा आजार असूच शकत नाही," म्हणाले.



मी म्हटलं, "ते मी केलं."

मुलगी माझ्याकडे वळली. मला वाटलं ओरडेल. ती अगदी हळू म्हणाली, "सगळं?"

"सगळं."

"मी रजा घेतली होती, ताई. तुमचा फोटो बघून परत केली."

डॉक्टरांनी समजुतीने सांगितलं की हा आजार बरा होणारा नाही, लवकर कळलं असतं तरी थांबला नसता. औषधाने कदाचित चार महिने बरे गेले असते, कदाचित नाही, सांगता येत नाही. मी त्या 'कदाचित नाही'ला धरून घरापर्यंत आले. घरी आल्यावर तेही सुटलं.

नवऱ्याने दार उघडलं आणि काही न विचारता पाणी दिलं. मी म्हटलं, "बोल. तू सांगितलं होतंस, म्हण एकदा."

तो म्हणाला, "ते म्हणून काय होणार आहे?"

२ नोव्हेंबर, गुरुवार

बाई गेल्या. मुलीने त्यांना आपल्याकडे नेलं. घर बंद केलं.

मी सामान बांधायला गेले होते. मुलगी माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलत होती. ही पेटी तिकडे, तो दोरा द्या. तिचं चुकलं असं म्हणवत नाही. बाई खुर्चीत बसून आमची लगबग बघत होत्या, जणू पाहुण्या आहेत आणि जेवण व्हायचंय.

गाडीत बसताना त्यांनी माझा हात धरला तो सोडेनात. मुलगी म्हणाली, "आई, चल ना." तेव्हा बाई तिला म्हणाल्या, "हिला घेऊ या की. जागा आहे."

मुलीने तोंड फिरवलं. मी एकेक बोट सोडवून हात काढून घेतला.

१८ डिसेंबर, सोमवार

विभाग वाचला. बाईंच्या जागी तात्पुरती एक मुलगी येणार, आणि विभागप्रमुख मी. खोलीत आता माझं टेबल मोठं.

प्राचार्यांनी बोलावून सांगितलं, "मॅडमचं खातं या आठवड्यात बंद होईल. त्याआधी त्यांचं सगळं साहित्य तुमच्याकडे उतरवून घ्या. सोनं आहे ते सोनं. पुढच्या मुलांना तेच देऊ."

दुपारी उतरवून घ्यायला बसले. धडा पहिला, माझा. दुसरा, माझा. चाचण्या माझ्या, उत्तरं माझी, कांद्याचा विनोद माझा, आवाज माझा. खाली येत गेले आणि शोधत गेले. बाई कुठेच नव्हत्या. 'पान घाम गाळतं' एवढी एक ओळ त्यांची निघाली. आणि तीही एक शब्द हरवला होता म्हणून आलेली.

त्यांचा खरा तास एकच होता. बियांचा. शेवटच्या पाच मिनिटांसाठी मी तो पहिल्या शब्दापासून पुसला. शेवट कापता आला असता. मला कापता येतं, मी दुसऱ्यांना ते शिकवलं आहे. त्या दिवशी सुचलंच नाही. संगणक दुरुस्त करणाऱ्यांना विचारलं, परत मिळेल का. म्हणाले, मॅडम, कायमचा म्हणजे कायमचा.

तेवढ्यात ती मुलगी आली, ती पहिल्या दिवसांत लिहिणारी, विषय आवडायला लागला म्हणणारी. म्हणाली, "मॅडम, त्यांना भेटलात तर सांगा, त्यांच्या नोट्स मी अजून वाचते. वाचताना त्याच बोलतायत असं वाटतं."

काय सांगू तिला? म्हटलं, सांगेन.

२१ जानेवारी, रविवार

बाईंना भेटून आले. जाऊ की नको करत महिना घालवला होता. शेवटी नवऱ्याने तिकीटच काढून आणलं आणि म्हणाला, "ती हाकलून देईल एवढंच ना? मग परत ये."

मुलीने दार उघडलं. ती खूप थकलेली दिसत होती. तिच्या खांद्यावर टॉवेल होता, हात ओले. म्हणाली, "या ताई. आताच अंघोळ घातलीय. बसा तिच्याजवळ, मी चहा टाकते." आणि आत जाता जाता थांबून म्हणाली, "आलात ते बरं केलंत. कुणी येत नाही."

बाई गॅलरीत उन्हाला बसल्या होत्या. केस ओले, पाठीवर मोकळे. मी त्यांना असं कधीच पाहिलं नव्हतं. माझ्याकडे पाहून त्यांनी ओळखीचं नव्हे, पण छान हसून नमस्कार केला.

"बसा ना. आपण काय करता?"

"शिकवते. कॉलेजात."

"अरे वा! विषय कोणता?"

"वनस्पतिशास्त्र."

"छान विषय आहे. मुलांना वाटतं सोपा, पाठ केला की झालं. तसं नसतं ते." त्या जरा पुढे झुकल्या. "तुम्हाला कुणी शिकवला?"

"होत्या एक बाई."

"मारायच्या का?"

"नाही हो. फळ्यावर फार सुंदर आकृत्या काढायच्या. त्यांचा तास संपू नये असं वाटायचं."

"मग त्यांना सांगितलंत का हे कधी?"

मी मान हलवली. नाही.

"सांगावं," बाई म्हणाल्या. "राहून जातं. आम्हालाही बरं वाटतं हो, कुणी सांगितलं की."

मी त्यांचा हात हातात घेतला. सगळं सांगितलं. पहिल्या दिवशीचा तो गोल, प्रात्यक्षिकातली माझी बडबड, मला मिळालेलं नाव, नोकरीच्या पहिल्या दिवसाचं स्वागत, त्यांच्या नावाने लिहिताना मला स्वतःपेक्षा बरं लिहिता यायचं ते. त्यांची ठेवण्यासारखी एकच गोष्ट होती आणि ती मी पुसली, तेही सांगितलं. बोलता बोलता हुंदका कधी आला समजलं नाही. आतून कपबशांचा आवाज येत होता तो थांबला.

बाईंनी माझं सगळं मन लावून ऐकलं. मध्ये एकदाही तोडलं नाही. मग त्यांनी दुसरा हात माझ्या हातावर ठेवला आणि अगदी हळू, कुणी ऐकू नये अशा आवाजात म्हणाल्या, "अहो, मला काय सांगत बसलात? त्यांना जाऊन सांगा. वाट बघत असतील त्या."

"हो," मी म्हटलं. "सांगते."